ओहोटीचा चढ

अठरा हजार म्हणाला, साडेसोळाला दिला.
म्हापशात, टायरच्या दुकानामागे,
लॅक्सन, वय पंचवीस, एका कानात बाळी,
तळहातावर डबा ठेवून म्हणाला,
पात्रांव, ह्यात बावीस घोडे आहेत.
साबणाच्या वडीएवढा डबा.
मी कानाशी नेऊन हलवला.
आत काही खुळखुळलं नाही.

हा करतो काय नेमकं?
खोटं बोलतो, तो म्हणाला.
डिझेलचा दाब किती, ते सेन्सर सांगतो,
संगणक ऐकतो. हा बसतो दोघांच्या मध्ये.
हजार असेल तर सांगतो नऊशे.
संगणक बिचारा घाबरून आणखी सोडतो,
आणि इंजिनाला वाटतं,
आपलं वय उतरलं.

मी दातांच्या कवळ्या करतो पणजीत.
खोट्याबद्दल मला कुणी नवीन सांगू नये.
टाळूला चिकटलेलं एक गुलाबी खोटं घेऊन
माणसं सुरमईचा काटा काढतात,
लग्नाच्या फोटोत हसतात,
रात्री ते वाटीतल्या पाण्यात बुडवून
निवांत झोपतात.
म्हणून घेतला, असं सांगता येईल.

पण कारण धक्का.
दिवाडीला राहणाऱ्याला विचारा
ओहोटीला फेरीबोटीतून गाडी वर काढणं म्हणजे काय.
चवथीच्या आदल्या दिवशी डिकीत प्लास्टरच्या चार गोण्या,
मागच्या सीटवर माटोळीचं सामान,
मांडीवर नारळ घेऊन बसलेली मेहुणी,
आणि शेवाळलेल्या उतारावर गाडी बंद.
पुन्हा चालू. पुन्हा बंद. हातभर मागे.
वर स्कूटरवाले एक पाय टेकून बघत होते,
क्लचचा जळका वास त्यांच्यापर्यंत पोचला असणार.
सहा जणांनी ढकलली.
त्यांत रुझारियू मास्तर, वय एकाहत्तर.
आरशात दिसत होते,
जोर लावताना आवळलेले त्यांचे दात,
वरची पूर्ण पंगत,
मी केलेली.

तर बसवला डबा. सेटिंग तीन नंबर.
घरी सांगितलं, पंप बदलला.
बायपासवर पहाटे मोकळा रस्ता मिळाला
आणि खोटं कशाला बोलू,
पाठीवर कुणी हात ठेवून पुढे सारावं
तशी सीट लागली.
एक बस मागे पडली, मग दुसरी.
वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी
मी एकटाच गाडीत शीळ घालत होतो.

त्याच संध्याकाळी ओहोटी.
त्याच चढावर, त्याच जागी, बंद.

लॅक्सनला फोन केला.
पात्रांव, तो म्हणाला,
दोन हजार आरपीएमच्या खाली टर्बो झोपलेला असतो.
तुमचा चढ बाराशेचा.
डब्याला आधी थोडा वेग पाहिजे,
मग तो बोलतो.
साडेसोळा हजार, मी म्हणालो.
घोडे आहेत ना पण, तो म्हणाला.

शेवटी शाणूनं शिकवलं, फेरीवरच्या खलाशानं, फुकट.
हँडब्रेक ओढून धर. पहिला गियर.
क्लच इतकाच सोड की गाडीनं नाक उचलावं,
मग ब्रेक सोड, आणि वर बघ,
माणसांकडे नाही.
दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा म्हशीसारखी
फुसफुसत, पण स्वतःच्या पायांनी वर गेली.

डबा काढला नाही. परत घेत नाहीत,
आणि पहाटेचा बायपास आहे.

काल रात्रीची शेवटची फेरी.
इंजिन बंद, रेडिओपुरती चावी फिरवलेली.
बोनेटच्या फटीतून बारीक हिरवा उजेड
पुढच्या पत्र्यावर पडला होता.
भर नदीत, कुणी काही विचारत नसताना,
तो आपला सांगतच होता
कमी आहे, अजून कमी आहे.
तो दिवा कसला? सुलक्षानं विचारलं.
पंपाचा.
बरं, ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत राहिली
जरा जास्तच वेळ.

साखळ्या वाजल्या. पाणी पार उतरलेलं.
मी हँडब्रेक ओढला.